सीटखालचं रडणं

आमच्या आवारात सहा बिऱ्हाडं, पण गाडी एकट्या ओफोसुआची. जुनी ओपेल. जर्मनीत कुणीतरी वापरून विकलेली, मग जहाजानं तेमाच्या बंदरात आलेली. मागच्या काचेवर तिकडच्या कुठल्याशा शाळेचं चित्र अजून चिकटलेलं होतं, ते कुणी खरवडून काढलं नाही. ओफोसुआ बाजारात धुरावलेली मासळी विकते, त्यामुळे गाडीला मासळीचा वास कायमचा. पण तिच्या नवऱ्यानं, ओसाफोनं, ती गाडी मासळीसाठी घेतली नव्हती आणि हौसेसाठी तर नाहीच नाही. त्यांची मुलगी अफ्रिये, हिला सिकलसेल, रक्ताचा आजार. आम्ही राहतो न्कॉकॉत, घाटाच्या पायथ्याशी, आणि मोठा दवाखाना घाटावर. पोर लहान असताना एकदा दुखण्यानं कळवळत होती आणि टॅक्सी मिळता मिळेना. ती वेळ कशीबशी निभावली, पण त्यानंतर ओसाफोनं गोदामातल्या नोकरीवर कर्ज काढून ही गाडी आणली. कुणी गाडीचं कौतुक करायला लागलं की म्हणायचा, गाडी कसली, पोरीचं औषध आहे ते.

मग तोच गेला. ताप आला आणि आठवड्याभरात माणूस संपला.

आमच्यात जुनी रीत अशी की मामाचं जे असेल ते भाच्याचं. आता कायदा बायकोच्या बाजूनं आहे, पण रीत काही लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. ओसाफोच्या बहिणीचा मुलगा बेकोए अक्रात एका कंपनीची बस चालवतो. लहानपणी तो मामाकडेच वाढला, ओफोसुआच्या हातचं जेवून. ओसाफोच्या अंत्यविधीला घरचे वडीलधारे बसले आणि गाडी भाच्याला द्यावी असं म्हणाले. ओफोसुआनं सरळ नाही म्हणून सांगितलं. बेकोए तेव्हा अंगणात गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मामाची गाडी परक्या हाताखाली चालायची नाही."

ते शब्द ओफोसुआच्या मनात जाऊन बसले ते बसलेच. बेकोए अक्राला निघून गेला. पुढे गावात कुणाचा अंत्यविधी असला तर यायचा, दारात उभ्या उभ्या मामीला नमस्कार करायचा आणि जायचा. पूर्वी तिला अगं-तुगं करायचा, आता अहो-जाहो करायला लागला.

गाडी वर्षभर नीट चालली. मग एकदा अफ्रियेला तपासणीला नेताना घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडीचा जीवच गेला. ओफोसुआनं मला घरी आल्यावर सांगितलं. म्हणाली, आधी गाडी दमल्यासारखी झाली. पाय खालपर्यंत दाबला तरी पुढं जाईना. मग आचके दिले आणि बंद. इंजिन बंद पडलं की ब्रेकसुद्धा दगडासारखा होतो, स्टिअरिंग हलत नाही. गाडी मागे घसरायला लागली, मागे खालून माणसं कोंबलेली ट्रॉट्रो व्हॅन वर येत होती, आणि बाजूला दरी. आमच्या घाटात कठडा आहे तिथे आहे, नाही तिथे नुसती खाली झाडांची टोकं दिसतात. ट्रॉट्रोच्या पोऱ्यानं उडी मारून चाकाखाली दगड घातला म्हणून दोघी वाचल्या. आणि गंमत अशी की थोड्या वेळानं किल्ली फिरवली तर गाडी सुरू. जणू काही झालंच नव्हतं.

तिनं गाडी मास्टर डोग्बेकडे नेली. डोग्बे आमच्या भागातला जुना फिटर, हाताला तीन बोटं असलेला, पण त्या तीन बोटांत पाचांचं काम. त्यानं प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, हवेची नळी साफ केली, आणि स्वतः गाडी घाटावर नेऊन आणली. हरणासारखी पळते म्हणाला. पंधरवड्यानं ती पुन्हा घाटात मेली. या वेळी त्यानं धुराच्या नळीतला डबा तुंबलाय असं निदान केलं आणि तो कापून काढला. गाडी आता ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली, पण सपाटीवर तर छान पळाली. तिसऱ्या वेळी मासळीचा माल भरून वर जाताना, पुन्हा त्याच चढावर, पुन्हा तेच.

त्या दिवशी मी ओफोसुआबरोबर डोग्बेकडे गेले होते. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, कान दिला, बंद केलं, आणि हात पुसत राहिला. नेहमी तो वायफळ बडबड करणारा माणूस. त्या दिवशी आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, यंत्र बिघडलं असेल तर मी आहे. हे बिघडलेलं नाही. तू आता दुसरीकडे कुठेतरी विचार."

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते तिला कळलं आणि मलाही. मी आयुष्यात इतकी कशाला घाबरले नसेन तितकी त्या वाक्याला घाबरले. लोखंडाला न भिणारा माणूस असं बोलतो म्हटल्यावर आपण काय म्हणायचं.

ओफोसुआ करणी-बाधा उतरवतात त्या प्रार्थनेच्या तळावर गेली. तिथल्या पाद्र्यानं डोळे मिटून सांगितलं, की मेलेल्याच्या रक्तातल्या कुणाचा तरी हात या इंजिनावर आहे. मंतरलेल्या तेलाची बाटली दिली. ती रोज सकाळी चारही चाकांना तेल लावायची आणि बेकोएचं नाव न घेता त्याच्यापासून रक्षण मागायची. मी तिला सांगितलं, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. खरंच नाही. पण त्यानंतर मीही त्या गाडीत बसायचं टाळायला लागले. शिवणाचं कापड आणायला वर जायचं असलं तर ट्रॉट्रोनं जायची.

तिची खरी भीती गाडीची नव्हती. हार्मटन सुरू झाला होता. उत्तरेकडून तो कोरडा, धुळीचा वारा येतो, ओठ फुटतात, सकाळी थंडी पडते, आणि सिकलसेलच्या पोरांना तोच काळ वाईट. ओफोसुआ पोरीला लोकरीच्या टोपीत आणि दोन-दोन स्वेटरात गुंडाळून ठेवायची, सारखं पाणी पाजायची. बारा वर्षांची अफ्रिये कंटाळून म्हणायची, आई, मी आता मासा झाले. रात्री भिंतीपलीकडून मला ओफोसुआच्या फेऱ्या ऐकू यायच्या. ती उठून पोरीच्या छातीवर हात ठेवून बघत असणार.

आणि मग तो शनिवार आला.

आमच्याकडे शनिवार म्हणजे अंत्यविधींचा दिवस. त्या दिवशी वर दोन गावांत मोठे अंत्यविधी होते, एक तर कुठल्याशा मुखियाच्या आईचा. सकाळपासून झाडून सगळ्या टॅक्सी आणि ट्रॉट्रो काळी-लाल वस्त्रं नेसलेली माणसं भरून वर गेल्या होत्या. स्टँड रिकामा. दुपारी मी मशीनवर बसले होते, तेवढ्यात ओफोसुआची हाक आली. नुसतं "मान्सा" म्हणाली, पण त्या आवाजानं माझ्या हातातली कात्री खाली पडली.

अफ्रिये खाटेवर बसली होती. आडवं होता येत नव्हतं तिला. नेहमीचं दुखणं हातापायांचं असतं, ती रडते, ओरडते. त्या दिवशी ती रडत नव्हती. छातीवर हात धरून लहान लहान श्वास घेत होती, पिल्लासारखे, आणि डोळे मोठे करून आमच्याकडे बघत होती. ओठांचा रंग मला आवडला नाही. डॉक्टरांनी ओफोसुआला आधीच बजावलं होतं, दुखणं छातीत शिरलं तर घरी थांबायचं नाही, तासाचाही उशीर करायचा नाही.

मी रस्त्यावर धावले. एक टॅक्सी नाही. ज्याच्याकडे मोटरसायकल होती तोही वर गेलेला. दवाखान्याला फोन लावला, तर त्यांची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन बाहेर होती. मी चौकात उभी होते, काय करावं सुचत नव्हतं, आणि समोर पाण्याच्या टपरीवर काळं वस्त्र खांद्यावर टाकून बेकोए उभा होता. अंत्यविधीलाच आला असणार, वर जायला गाडी शोधत होता. मी विचार केला नाही. त्याच्या दंडाला धरून ओढलं आणि सांगितलं, अफ्रिये मरतेय.

तो माझ्या पुढे पळाला.

ओफोसुआनं त्याला दारात पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, ही आता किंचाळणार. ती पोरीच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. त्यानं किल्ली मागितली. तिनं मूठ घट्ट केली. मी तिला म्हटलं, अगं, तो रोज बस चालवतो, तुझे हात बघ कसे कापतायत. ती माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "या गाडीला तू हात लावायचा नाहीस."

बेकोएचा चेहरा उतरला. गावात काय बोललं जात होतं ते त्याच्या कानावर गेलंच असणार. पण तो वाद घालायला थांबला नाही. म्हणाला, "बरं. तुम्ही चालवा, मामी. मी शेजारी बसतो. पण निघा."

पोरीला मागच्या सीटवर घेतलं. मी एका कडेला बसले, तिला उशा लावून माझ्या अंगावर टेकवलं. ओफोसुआनं चाकाला तेल लावलं नाही, ते मला नंतर आठवलं. त्या वेळी मी फक्त एवढंच बघत होते की पोरीचा पुढचा श्वास येतोय की नाही.

न्कॉकॉतून बाहेर पडेपर्यंत गाडी ठीक होती. घाट सुरू झाला. हार्मटनच्या धुळीनं वरचा डोंगर दिसतच नव्हता, नुसतं पांढुरकं काहीतरी, आणि त्यातून अचानक समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे. धुराचा डबा कापल्यामुळे इंजिनाचा आवाज कानठळ्या बसवणारा. ओफोसुआ पुटपुटत होती, प्रार्थना असावी. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं.

अफ्रिये त्राण जाऊन घसरत घसरत कलंडली होती, डोकं सीटवर टेकलेलं. मी तिला वर ओढायला गेले तर ती नको म्हणाली. मग म्हणाली, "आंटी, खाली कुणीतरी रडतंय."

मी न ऐकल्यासारखं केलं. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, मध्ये श्वास घेत, "सीटच्या खाली. कुणीतरी रडतंय."

आरशात मला ओफोसुआचे डोळे दिसले. ते डोळे मी विसरणार नाही. आणि त्याच क्षणी गाडी दमली. तिनं पाय दाबला, काही नाही. इंजिनानं आचके दिले आणि ते मेलं, आणि एकदम इतकी शांतता झाली की खालच्या दरीतला पक्षी ऐकू आला. आम्ही चढाच्या मधोमध होतो. गाडी मागे सरकली.

मागून ट्रक येत होता, केळीचे घड लादलेला. त्याचा हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. ओफोसुआ दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिली होती. मी पोरीला दोन्ही हातांनी आवळलं आणि डोळे मिटले. खरं सांगते, मी प्रार्थनासुद्धा केली नाही, प्रार्थना आठवलीच नाही.

बेकोएनं हँडब्रेक दोन्ही हातांनी वर खेचला. गाडी करकरली, थोडी आणखी सरकली आणि थांबली. "पाय सोडू नकोस, मामी," तो म्हणाला. अहो-जाहो गेलं होतं. "मी आहे. पाय सोडू नकोस." मग त्यानं दार उघडून उडी मारली, रस्त्याकडेचा दगड चाकाखाली सारला, दुसरा सारला, आणि ट्रकवाल्याला हातानं थांबवलं. ट्रक आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला असेल. ट्रकवाला खिडकीतून आमच्या सात पिढ्या काढत होता, आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं, कारण त्याचा अर्थ आम्ही जिवंत होतो.

बेकोए मागच्या दाराशी आला. पोरीपाशी वाकला आणि अगदी हळू विचारलं, कसं रडतंय, अफ्रिये? लहान मुलासारखं, की मोठ्या माणसासारखं?

ओफोसुआ पुढून ओरडली, "तिला काही विचारू नकोस. तुला माहीत आहे ते काय आहे. तूच केलंस."

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मामी, मला तू नंतर मार. आत्ता तिला बोलू दे."

अफ्रिये म्हणाली, मांजरीसारखं. आधी हळू गुणगुणतं, मग बारीक आवाज काढून रडतं. मग गाडी बंद होते. आता नाही रडत.

बेकोएनं स्वतःचं डोकं सीटला लावलं आणि ओफोसुआला नुसती किल्ली फिरवायला सांगितली, इंजिन चालू न करता. मीही वाकले. आणि मला ऐकू आलं. सीटच्या खालून बारीक गुणगुण, माशी डब्यात अडकल्यासारखी. माझ्या अंगावर काटा आला. पण बेकोएच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तो विचार करत होता. तो म्हणाला, पेट्रोलचा पंप आहे हा. या गाड्यांना टाकीतच असतो, सीटच्या बरोबर खाली. रडतोय कारण चढावर जोरात ओढताना त्याचं तोंड काहीतरी दाबतंय. पेट्रोल ओढता येत नाही म्हणून तो रडतो, आणि म्हणून गाडी दमते. बंद केलं की तोंड मोकळं होतं.

ओफोसुआनं मान वळवली. तिला त्यातलं काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. तिनं एवढंच विचारलं, "वर जाईल का?"

"रडायला लागायच्या आत थांबवत नेली तर जाईल," तो म्हणाला. "पण ऐकत राहायला हवं."

मग आम्ही तसे गेलो. बेकोए दगड हातात घेऊन गाडीच्या शेजारून चालत, कधी पळत. मी सीटला कान लावून, पोरीचं डोकं माझ्या डोक्याला टेकलेलं. इंजिनाच्या त्या गर्जनेत बारीक आवाज ऐकणं सोपं नव्हतं, पण पोरीला माझ्या आधी ऐकू यायचा. ती माझा हात दाबायची. मी ओरडायची, आला. ओफोसुआ जरा सपाट जागा बघून थांबायची, इंजिन बंद, बेकोए चाकाखाली दगड. आम्ही वाट बघायचो. तो काळ सगळ्यात वाईट. गाडी उभी, धूळ, हॉर्न, आणि पोरीचे ते लहान लहान श्वास. मग पुन्हा किल्ली. पुन्हा थोडं वर. केळीचा ट्रक आमच्या मागे मागे येत होता, आणि त्या ड्रायव्हरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं शिव्या थांबवल्या आणि त्याचा पोऱ्या उतरून दगड लावायला मदत करायला लागला.

किती वेळा थांबलो ते मी मोजलं नाही. एका थांब्यावर पोरीनं हात दाबला नाही. मी तिच्याकडे बघितलं तर डोळे अर्धे मिटलेले. मी तिला हलवलं, गालावर चापट मारली. ओफोसुआ पुढून सारखी विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि मी म्हणत होते, काही नाही, तू चालव. खोटं बोलत होते. पोरीनं डोळे उघडले आणि पुटपुटली, आला. तो आला, म्हणजे तो आवाज. मला रडू फुटलं.

वरच्या सपाटीवर आलो तेव्हा बेकोए चालत्या गाडीत उडी मारून बसला, काळं वस्त्र कधीच कुठेतरी गळून पडलं होतं, अंगात नुसता बनियन, घामानं आणि धुळीनं लाल झालेला. दवाखान्याच्या दारात पोरीला उचलून त्यानंच आत नेलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. नाकाला लावलेली नळी, रक्ताची पिशवी, एक नर्स जी फार कडक होती आणि फार चांगली होती. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, अजून काही सांगता येत नाही, पण वेळेत आणलंत. ओफोसुआ बाकावर बसली होती. बेकोए दुसऱ्या बाकावर. मधे मी.

खूप वेळानं बेकोए भिंतीकडे बघत म्हणाला, "मी शाप नव्हता दिला, मामी. मला रडू येत होतं. सगळ्यांच्या देखत रडायचं नव्हतं म्हणून तसं बोललो."

ओफोसुआनं आपली शाल काढून त्याच्याकडे टाकली. तो नुसत्या बनियनवर होता आणि वर थंडी पडायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. निरोप मिळाल्यावर मास्टर डोग्बे चर्चमधून थेट ट्रॉट्रोनं वर आला, पांढरा स्वच्छ शर्ट घालून, आणि शर्ट मळेल म्हणून तो काढून झाडाला टांगला. दवाखान्याच्या आवारात आंब्याखाली गाडी उभी होती. मागचं सीट उचललं, खालचं झाकण उघडलं, पंप वर काढला. बेकोएनं हात घालून टाकीत चाचपलं आणि काहीतरी बाहेर ओढलं. पेट्रोलनं पिवळं पडलेलं, लुळं, तळहाताएवढं प्लास्टिक. बाजारात पाणी विकतात त्या पिशवीचा तुकडा.

डोग्बे म्हणाला, हे टाकीत आलं कुठून?

बेकोए तो तुकडा हातात घेऊन बघत होता. मग तो हसला, पण ते हसू नव्हतं. त्यानं सांगितलं, टाकीच्या झाकणाचं रबर गेलं होतं. पेट्रोलचा वास यायचा, पोरीला मळमळायचं. मामा झाकणाखाली पाण्याच्या पिशवीचा तुकडा घालून वर झाकण फिरवायचा. नवीन रबर आणू, आणू म्हणायचा. मामा गेल्यावर कधीतरी पेट्रोल भरताना तो तुकडा आत पडला असणार.

ओफोसुआनं ते प्लास्टिक हातात घेतलं. मला वाटलं आता ती रडेल. पण ती रागावली. मेलेल्या नवऱ्यावर अशी चिडली की आंब्याखाली बसलेले रुग्णांचे नातेवाईक वळून बघायला लागले. एक रबर आणता आलं नाही तुला, म्हणाली, एक रबर. डोग्बे शर्ट घालून हळूच निघून गेला. स्वतःच्या त्या वाक्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, आणि कुणी त्याला विचारलंही नाही. त्यानं कामाचे पैसे घेतले नाहीत, तेवढंच.

बेकोए सोमवारी अक्राला कामावर गेला. गाडी घाटाखाली तोच घेऊन गेला, मामीनं किल्ली स्वतः दिली. ती त्यानं डोग्बेकडे पोचती केली, नवं रबर लावायला, आणि तिथून बस धरली.

अफ्रियेला घरी सोडायचं ठरलं त्या दिवशी ओफोसुआ मला बरोबर चल म्हणाली. गाडी आता ठीक आहे, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तरी घाटाच्या पायथ्याशी तिनं गाडी बाजूला घेतली, उतरली आणि रस्त्याकडेला उभी राहून वांती केली. मी पाणी दिलं. ती म्हणाली, मान्सा, माझे पायच उचलत नाहीत. मी म्हटलं, मग ट्रॉट्रोनं जाऊ. ती बराच वेळ वर बघत राहिली. धूळ जरा कमी झाली होती, वळणं दिसत होती. मग ती गाडीत बसली.

तिनं पाय दाबला आणि गाडी अशी सुटली की माझं डोकं मागे आपटलं. तिसरं वळण कधी आलं आणि कधी गेलं कळलंच नाही. ओफोसुआ दात आवळून, मान पुढे काढून चालवत होती. कुणी मागे लागल्यासारखी. मी ओरडत होते, अगं हळू, हळू. तिला ऐकू येत होतं की नाही कुणास ठाऊक. वर पोचल्यावर तिनं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तशीच बसून राहिली. तिच्या पाठीवर मी हात ठेवला तर झगा ओलाचिंब.

अफ्रिये बारीक झाली होती, पण बोलत होती. तिला तळलेले केळ्याचे तुकडे हवे होते, शेंगदाण्यांबरोबर, आत्ताच्या आत्ता. आम्ही दवाखान्याच्या फाटकाशी ते घेतले आणि निघालो.

उतरताना ओफोसुआनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तिथेच ठेवली. धुराची नळी अजून तशीच कापलेली, सगळा डोंगर दणाणून गेला. आमच्या मागे टॅक्सी, ट्रॉट्रो, लाकडाचा एक ट्रेलर, अशी ही रांग लागली. हॉर्न वाजत होते, शिव्या येत होत्या, एकानं तर खिडकीतून ओरडून विचारलं, की आजी, गाडी चालवतेस की तिरडी नेतेस. मी तिला म्हटलं, बाजूला घे, जाऊ दे त्यांना. ती म्हणाली, थांबू देत. आणि तिनं पायथ्यापर्यंत कुणालाही पुढे जाऊ दिलं नाही.